शेवटच्या भागाचा आवाज

प्रिय सेनापती,

या नावाने हाक मारली म्हणून कपाळाला आठी पडली असेल, तर पडू दे. ज्या माणसाने काळ्या ग्रहाचं अख्खं सैन्य नुसत्या आवाजावर चालवलं, त्याला घरातला फोन उचलता येत नाही, हे माझ्या पचनी पडत नाही. सकाळी फोन केला की तुझी सून म्हणते, बाबा झोपलेत. दुपारी केला, झोपलेत. संध्याकाळी केला की फिरायला गेलेत. अरे, कुंभकर्णसुद्धा मधे उठून दोन घास खायचा आणि चार शब्द बोलायचा. शेवटी वैतागून पत्र लिहायला घेतलं. पत्राला कुणी दारातून परत पाठवू शकत नाही.

तर आता मुकाट्याने वाच. जुने चित्रपट जपून ठेवणारी एक संस्था आहे, तिथली एक बाई माझ्या मागे लागली आहे. वय असेल तिशीचं. फाटलेल्या फिती जोडणं हे तिचं काम, आणि एकदा आली की हलत नाही, म्हणून मी तिचं नाव चिकटपट्टी ठेवलंय. तोंडावरच ठेवलं. तिला आवडलं, काय करणार! एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर तिला आपली मालिका सापडली. हो, तीच. रॉकेट, काळा ग्रह, आगीची विहीर, तेरा भागांत एकच झगा घालून फिरणारी राणी. परदेशी चित्र आणि त्यावर आपल्या भाषेत आपले आवाज. माझा राणीला, तुझा सेनापतीला, शिवाय शास्त्रज्ञाला, पहारेकऱ्याला आणि यंत्रमानवालाही, कारण निर्मात्याला आणखी नट परवडत नव्हते. यंत्रमानवासाठी तू पत्र्याच्या बादलीत तोंड घालून बोलायचास आणि मग दिवसभर तुझ्या नाकाला गंजाचा वास येत राहायचा.

मी तिला स्पष्ट सांगितलं, बाई गं, जाऊ दे तो कचरा. त्या रॉकेटचा आवाज म्हणजे चहावाल्याचा स्टोव्ह होता. यानाचा दरवाजा म्हणजे ऑफिसमधलं लोखंडी कपाट. अवकाशात धूर सरळ वर जायचा आणि रॉकेटला लावलेली तार शेवटच्या रांगेतल्या पोरांनाही दिसायची. आणि ती लबाडी! या रविवारी नायकाचं यान आपल्या डोळ्यांदेखत डोंगरावर आपटून फुटायचं, आणि पुढच्या रविवारी बघावं तर हा पठ्ठ्या आधीच उडी मारून झुडपात बसलेला. आपण दोघं स्टुडिओत कपाळाला हात लावून बसायचो. तू म्हणायचास, एवढं खोटं तर मी घरी उशिरा पोचल्यावरही बोलत नाही.

चिकटपट्टीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग रविवारी येताय ना? दर रविवारी एक भाग दाखवतो आम्ही." माझ्या बोलण्याचा तिच्यावर झालेला परिणाम तुझ्या लक्षात आलाच असेल.

गेले. भांडायला म्हणूनच गेले म्हण. लहानसं सभागृह, बाकांसारख्या खुर्च्या. मला वाटलं होतं, आपल्यासारखी चार पिकली पानं येतील आणि खोकत बसतील. पण सगळी तरुण मंडळी, काही आपल्या लेकरांना घेऊन आलेली. दिवे गेले, स्टोव्ह पेटला, म्हणजे रॉकेट सुटलं, आणि सगळे खो खो हसले. तार दिसली म्हणून हसले, कपाटाच्या आवाजाला हसले. मला इतका राग आला की विचारू नकोस. इतकी वर्षं मीच त्या मालिकेला नावं ठेवत आले, पण ती माझी मला. परक्यांनी कशाला हसावं? उठून जायच्या बेतात होते, तेवढ्यात तू बोललास.

"याला आगीच्या विहिरीत टाका. सावकाश टाका, घाई नाही."

बस्स, हसणं थांबलं. एखाद्या डॉक्टरने रोग्याच्या नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगावं, तसं तू ते सांगितलं होतंस. किती हळू बोलायचास रे! बाकी सगळे त्या मालिकेत ओरडत असतात, मीसुद्धा. माझं "महाराज, वाचवा!" ऐकून तर मला स्वतःलाच विहिरीत टाकावंसं वाटलं. पण तू कधी आवाज चढवला नाहीस. माझ्या शेजारी एक लहान मुलगी होती, ती आईच्या कुशीत सरकली. आणि भाग संपताना विहिरीच्या काठावरून नायकाचा हात सुटला, तेव्हा त्या शिकल्यासवरल्या, सगळं ठाऊक असलेल्या माणसांच्या तोंडून एकदम "अरे!" बाहेर पडलं. दिवे लागल्यावर कुणी जागचं उठेना. तो वाचणार हे प्रत्येकाला माहीत. कसा वाचणार, याचीही लबाडी माहीत. तरी जिन्यात, रस्त्यात, बसथांब्यावर त्याचीच चर्चा.

मी चिकटपट्टीला विचारलं, यात तुम्हा लोकांना दिसतं तरी काय? ती म्हणाली, "आजी, यात कुणी काही लपवत नाही. तार दिसते तर दिसते. आणि सगळं संपलं असं वाटत असताना पुढचा रविवार असतोच." मी म्हटलं, छान भाषण केलंस, आता मला रिक्षा बघून दे. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरापर्यंत आलं. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले, आणि त्याच्या पुढच्याही.

आता खरी भानगड. शेवटच्या भागाचं चित्र धड आहे, पण आवाजाची फीत ओलीने सडली. त्यातून नुसती खरखर येते, जणू तो काळा ग्रह खरंच जळून गेला. चिकटपट्टी म्हणाली, खाली अक्षरं टाकू, लोक वाचतील. मी म्हटलं, बारा भाग ज्यांनी ऐकले ते तेरावा वाचणार? सेनापतीचा शेवट काय पाटीवर लिहून लावायचा? मी आहे, तोही आहे, पुन्हा आवाज देऊ. माझं म्हणणं तिने उचलून धरलं, आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, त्याला आणायची जबाबदारी माझी. तेव्हापासून मी फोन करते आहे आणि तू झोपला आहेस.

मधल्या काळात त्यांनी एक नकलाकार धरून आणला. गुणी आहे, पण सेनापती म्हटल्यावर तो जो ओरडायला लागला, तो थांबेना. भाजीबाजारात दोन गाड्या एकमेकींना भिडल्या की ऐकू येतं, तसं. मी सांगितलं, बाबा रे, हळू बोल. तर तो कुजबुजायला लागला, जसं काही सैन्याला उधार मागतोय. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याच्यावर नाही, तुझ्यावर.

म्हणून गेल्या आठवड्यात थेट तुझ्या घरी आले. बसवाल्यांनी पाट्या इतक्या बारीक करून ठेवल्या आहेत की एक थांबा पुढे उतरले आणि उन्हातून मागे चालत आले, हाही राग तुझ्याच खात्यावर. सून दारात. "बाबा बाहेर गेलेत." पण तुझ्या चपला दारात होत्या, माझा पाय लागून मी धडपडले त्यांच्यावर. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सेनापती, त्या खुर्चीच्या आवाजाने माझ्या मनाला जे लागलं, ते सांगत नाही. तुझी बायको गेली तेव्हा मी तुझ्या घरी तेरा दिवस स्वयंपाक केला होता. त्या घराने मला दारातूनच वाटेला लावलं. मी जिना उतरायला लागले.

खालच्या मजल्यावर सून मागून धावत आली. माझा हात धरला आणि रडायलाच लागली. "मावशी, मला रोज खोटं बोलायला लावतात हो. मला नाही जमत आता." मग तिने सगळं सांगितलं. गळ्यातली गाठ, ऑपरेशन, स्वरयंत्रच काढून टाकलं ते. तू पाटीवर खडूने लिहून बोलतोस ते. आणि घरातल्या प्रत्येकाला तू शपथ घातली होतीस, जगाला सांगा, पण राणीसाहेबांना कळता कामा नये.

का रे? मी काय केलं असतं? रडले असते? रडलेच. तुमच्या इमारतीखाली दुधाची गाडी उभी होती, तिला टेकून रडले आणि दूधवाल्याने विचारलं, "आजी, चक्कर आली का?" म्हटलं, नाही, राग आलाय. खरंच आला होता आणि अजून उतरलेला नाही. आवाज गेला म्हणून तू मला वगळलंस? मी काय तुझ्या आवाजाशी मैत्री केली होती? एका माइकपुढे आपण दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहायचो, माझा श्वास चुकला की तू तुझं वाक्य लांबवून मला वेळ द्यायचास. ते काय गळ्याने करत होतास?

घरी येऊन दोन दिवस धुमसत बसले. मग डोकं जरा थंड झालं आणि एक गोष्ट सुचली. चिकटपट्टीला बोलावलं. तुझ्या आजाराचं तिला सांगितलं, रागव हवं तर. मी म्हटलं, सेनापती दर भागात बोलून बोलून बोलतो काय? "याला टाका." "त्याला आणा." "राणी, तुमचा हट्ट तुम्हालाच नडेल." बारा भागांत त्याचा आवाज शाबूत आहे. तिथून शब्द उचल आणि इथे जोड, नाहीतरी तुझा धंदाच तो. ती इतकी खूश झाली की माझा चहा तिनेच पिऊन टाकला. कालपर्यंत तिने अर्धा प्रसंग जोडूनही आणला. शब्द बरोबर आहेत, आवाज तुझाच आहे, पण बोलतो आहे यंत्रमानव. कुठे थांबायचं, कुठला श्वास कुठे टाकायचा, हे तिला कळत नाही आणि मला सांगता येत नाही. ते ज्याचं त्यालाच माहीत. तेव्हा पाटी आणि खडू घेऊन ये. चूक असेल तिथे खडू आपट. नकलाकाराला पहारेकऱ्याचं काम दिलंय, तो मनापासून ओरडतो आणि तिथे शोभतंही.

आता शेवटचं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. या कागदावरच्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या आहेत, हे तुला दिसलंच असेल. मला दिसत नाही. गेल्या वर्षापासून डोळ्यांच्या मधोमध एक धुरकट डाग बसलाय, कडेकडेचं तेवढं कळतं. डॉक्टर म्हणतो, आहे ते टिकवायचं, गेलेलं येणार नाही. मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. भाचीला नाही, चिकटपट्टीलाही नाही, आणि तुला तर नाहीच, तू माझी कीव केली असतीस तर मी तुला फाडून खाल्लं असतं. म्हणजे बघ, तुझ्यावर एवढी आगपाखड करणारी मी काही वेगळी नाही. ते रविवारचे भाग मी नुसते ऐकले. पण शेवटच्या भागात आवाज द्यायचा तर पडद्यावरच्या राणीचे ओठ कधी उघडतात ते दिसायला हवं, आणि मला तिचा चेहराच दिसत नाही. अनोळखी माणसाला मी हे सांगणार नाही. बुधवारी सकाळी गाडी तुझ्या दारात येईल, सुनेशी माझं बोलणं झालंय, झोपलास तर ती उचलून गाडीत घालणार आहे. तू माझ्या शेजारी उभा राहा. राणीने तोंड उघडलं की माझ्या खांद्यावर बोट ठेव, मी बोलेन. मिटलं की काढून घे, मी थांबेन. तुला बोलायला नको, मला बघायला नको. दोघांचं मिळून अजून एक धड माणूस नक्की होतं.

चिडलेली, वाट बघणारी, पण तुझीच,
राणीसाहेब