मॅटवरची थाप

ताई,

हे वाचलंस तर तू लगेच माझं तिकीट काढून मोकळी होशील, म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाहीये.

तुझं म्हणणं, ज्युदोचं पदक आणलंस, गल्लीतली पोरं घडवलीस, आता पुरे, माझ्याकडे ये. पण मी जायचा विषय काढला की इथे माझा सत्कार होतो. यंदा तर सरावाच्या हॉलच्या दारावर माझं नाव रंगवलं. रंगारी म्हणाला, "मॅडम, आता कुठे जाताय?" सगळे हसले. मीही हसले.

काल सरावात एका दांडग्या मुलीला मी माझ्यावर पकड घ्यायला लावली. तिने मला पाठीवर पाडलं आणि छातीने दाबून धरलं. मी सुटले असते, अंगात अजून तेवढं आहे. पण धडपड करावीशीच वाटली नाही. मी मॅटवर दोनदा थाप मारली. थाप पडली की पकड लगेच सोडायची, हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवते. तिने सोडलं नाही. मी पुन्हा मारली. पोरं ओरडली, "सोडू नकोस, मॅडम परीक्षा घेतायत."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ती घाबरून उठली. "मॅडम, खरंच सोडायचं होतं का?"

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती गं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "शाब्बास. अशीच धरून ठेवायची."

तुझी,
धाकटी