खुरसणीच्या फुलावर फवारा

मु. सादडपाडा, ता. पेठ
१५ नोव्हेंबर १९९८

सुनील,

खुरसणी पोचट निघाली. आधी हे ऐक, रामराम मागून. तीन भारे झोडले, तर सुपात नुसतं भूस. तेलाचं बी ओंजळभर.

आता रामराम. तुझा बाप बरा हाय. म्हैस व्याली. सिन्नरच्या कारखान्यात तुला कायम केलं म्हणे, चांगलं झालं.

दसऱ्याला तू आलास तेव्हा वरचं वावर पिवळं धमक फुललं होतं. तू अळी बघितलीस अन् पिशवीतून बाटली काढलीस. म्हणे, "आजी, दुप्पट पीक येईल." अळी काय यंदाच आली? ती साळुंक्यांची न्याहारी. साळुंकी अळी टिपते, मधाची सातेरी माशी फुलावर फिरते, तेव्हा कुठं बी भरतं. माशी नाय तर खुरसणी वांझ. तुझ्या बाटलीवर हे लिहिलेलं नसेल. माझ्या सासूला शाळेशिवाय ठाऊक होतं.

तू फवारलंस त्याच्या चौथ्या दिवशी शेजारच्या गोटीरामच्या झाडाखाली मेलेल्या माश्यांचा सडा; त्याच्याच ढोलीत सातेरीचं पोळं. त्याच माशीवर सगळ्या पाड्याची खुरसणी. सगळ्यांचीच पोचट निघाली, तसे लोक त्याच्यावरच तुटून पडले, कारण टमाट्यावर औषध मारणारा पाड्यात तो एकटाच. पाड्यातली चंद्रभागा त्याच्या तोंडावर म्हणाली, "तुझ्यामुळं आमचं वर्साचं तेल गेलं." मी तिथंच बसले होते, तंबाखू मळत.

गप बसले. का, तेही लिहिते. तुझ्या पंपाला पाणी मी आणलं होतं. दोन हंडे, वढ्यावरून. 'दुप्पट' ऐकलं अन् पाय चालायला लागले. तुला माहीत नव्हतं. मला होतं.

काल पाड्याच्या बैठकीत उभी राहून सांगून टाकलं. तुझा बाप म्हणाला, "आये, घराची अब्रू जाईल." म्हणलं, गोटीरामला घर नाय का?

पुढल्या पावसाळ्यात त्या वावरात औषधाचा थेंब पडणार नाय. शेणखत टाकीन. नागली, उडीद, कडेनं खुरसणी. बांधावरचा तेरडा कापू देणार नाय, माशी परतली तर तिनं काय खायचं? साळुंक्यांना बसायला काट्या रोवीन. लोक हसतील, हसू दे. वावर माझ्या नावावर हाय अन् मी अजून मेले नाय.

गोटीराम सगळं ऐकून उठून गेला. माझ्या एकटीच्या सांगण्यानं त्याचं भागलं नाय. म्हणून उत्तर मला धाडू नको. गोटीरामला धाड. तूच लिही. बापाला मधे घातलंस तर ते पत्र मी चुलीत घालीन.

भागीबाई, तुझी आजी