बाळंतशोपेच्या डबीतल्या गोळ्या

आई, तुझ्याशी भांडायचं आहे, पण भांडण नेमकं कशाचं ते मलाच कळत नाहीये. सिझरला आठवडा झाला. तुझी नात शेजारी झोपली आहे आणि मला कुशीवरसुद्धा वळवत नाही. खोकला आला तरी पोटाशी उशी धरावी लागते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तुझ्यामागे माहेर म्हणजे कोराडीच्या क्वार्टरमधले एकटे बाबा. म्हणून गावाहून सासूबाई आल्या आहेत. दवाखान्यातून निघताना नर्सनं बजावलं होतं, "दुखायची वाट नका पाहू. जेवण झालं का गोळी घ्यायची. दुधाले काही होत नाही, डॉक्टरनं पाहूनच लिहून देल्ली." मी मान डोलावली. पण गोळी हातात आली की तूच दिसतेस, दारातल्या ओट्यावर डाळ निवडत शेजारच्या बाळंतिणीला सांगणारी, "गोळी दुधात उतरते वं. आईनं सोसलं पायजे." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तुझं बोलणं म्हणजे ब्रह्मवाक्य. म्हणून मी सासूबाईंसमोर गोळी तोंडात टाकल्यासारखं करायचे आणि बाळंतशोपेच्या डबीत लपवायचे.

काल त्यांनी डबीत शोप भरायला घेतली आणि गोळ्या निघाल्या. आता बोलणी खाणार म्हणून मी डोळे मिटले. त्या म्हणाल्या, "काहून वं? दुखणं अंगावर काढून कोणाले दाखवून राहिली? तुले धड बसता येत नाही, लेकरू अर्धपोटी रडते." मी तुझं नाव सांगून मोकळी झाले. संध्याकाळी बाबा आले, त्यांना विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "तुह्या वेळीही सिझरच झालं होतं. तिनं एक गोळी घेतली नाही. पंधरा दिवस तुले मांडीवर घेता आलं नाही, रडे नुसती." हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. मग त्या बाळंतिणीला तसं का सांगितलंस? तुला खरंच तसं वाटत होतं? की आपण सोसलं ते फुकट गेलं, असं वाटू नये म्हणून? का तुलाही कोणी असंच ओट्यावर बसून सांगितलं होतं? मला तुझा राग येतो, लगेच तुझ्यासाठी जीव तुटतो, आणि मग पुन्हा राग येतो.

आज जेवण झाल्यावर गोळी घेतली. तासाभरानं उठून बसता आलं, लेक पोटभर प्यायली. हे पत्र घडी करून त्या डबीतच ठेवते आहे. एक सांगायचं राहिलं. गोळी गिळायच्या आधी उशाशी ठेवलेला तुझा फोटो मी भिंतीकडे वळवला होता. तो अजून तसाच आहे.