नांगराने खाल्लेला रस्ता

३ एप्रिल
बस येणार नाही!
डेपोचा माणूस टेप घेऊन आला होता. पुलापासून आमच्या कांद्यापर्यंत चालत आला, टेप लावली आणि हसला. म्हणाला, ही तर पायवाट आहे, रस्ता कुठे आहे?
मी तिथेच होते, गवताच्या भाऱ्यामागे. बोलले काहीच नाही. मी कधी बोलते!

४ एप्रिल
झोप आली नाही नीट. सातवीनंतरची शाळा शहरात. चालत जाण्यासारखी नाही, म्हणून माझी सुटली. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, यंदा आलीस तर बसवून घेते, पुढच्या वर्षी नाही जमणार. सगळं त्या बसवर होतं.

७ एप्रिल
मोठ्या काकांना विचारलं, रस्ता गेला कुठे? ते म्हणाले, पूर्वी दोन बैलगाड्या शेजारून जायच्या. गाडीवाले एकमेकांशी गप्पा मारत शहरात भाजी न्यायचे. मग दरवर्षी नांगरताना प्रत्येकाने बोटभर रस्ता शेतात घेतला. इकडून बोटभर, तिकडून बोटभर.
ही चोरी नाही का, मी म्हटलं.
"कुणाची चोरी? रस्ता कुणाचाच नाही."
या गावात दुसऱ्याच्या शेतातली मिरची कुणी तोडत नाही. त्याचा केवढा तोरा! आणि रस्ता मात्र गिळून बसलेत सगळे.

८ एप्रिल
दुकानासमोर बैठक झाली. बैठक कसली, भांडणच! जो तो दुसऱ्याच्या बांधाकडे बोट दाखवतो. दूधवाला बाबांना म्हणाला, "तुझ्या शेताला पोट सुटलंय, रस्त्यावर आलंय." सगळे हसले. बाबा उलटे त्याच्या आजोबांवर घसरले. म्हणे सुरुवात त्यांनी केली!
शेवटी ठरलं काय, तर आधी दुसऱ्याने सोडायचं. चहा पिऊन सगळे घरी.
मला ओरडावंसं वाटत होतं. मी कपबश्या विसळल्या.

१५ एप्रिल
बाबा सकाळी शहरात गेले होते. आले, जेवले नाहीत, सरळ ट्रॅक्टर काढला आणि रस्त्याकडचा आमचा कांदा उलथवून टाकला. अर्धा वाढलेला! आई बघतच राहिली.
सगळ्यांत आधी बाबा! माझ्यासाठी?
विचारायचा धीर झाला नाही. पण दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२० एप्रिल
लाजेकाजेस्तव बाकीचेही मागे सरकतायत. दूधवाला सगळ्यांत शेवटी, आणि तोंड एवढंसं करून. सोडलेल्या पट्टीवर म्हैस बांधून ठेवलीय, जमेल तितके दिवस.

२९ मे
मुरूम पडला, रोलर फिरला. डेपोचा माणूस परत आला, या वेळी हसला नाही. बारा जूनपासून बस.
दप्तर धुवून वाळत घातलं.

९ जून
दोरीवर दप्तराशेजारी एक नवा खाकी शर्ट वाळतोय. बाबांचा! शहरात कारखान्याच्या गेटवर लागलेत. एप्रिलमध्येच बोलणं झालं होतं. अट एकच, वेळेवर यायचं. म्हणजे बसने.
म्हणजे कांदा त्यासाठी गेला.
आई म्हणाली, आणि शेत?
"ही आहे की घरी."
ही! मी समोर ताट घेऊन उभी होते.
शेतात काय पिकतं, सगळा पैसा खतात जातो, असंही म्हणाले नंतर. खरं असेल. पण मला एकदा विचारायचं तरी!

१० जून
खुरपलं. कुणाशी बोलले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, मी तशीही बोलत नाही.

११ जून
बाबांनी पाण्याची पाळी समजावली. मोटर कधी लावायची, पाटाचं कुठलं दार आधी उघडायचं. मी मान हलवत होते. माझ्या मानेला सवयच लागलीय.

१२ जून
बस आली. बाबा चढले, खिडकीशी बसले, डबा मांडीवर. मागून मी चढले.
बाबा म्हणाले, "अगं, उतर! पाणी कोण देणार?"
कंडक्टरने विचारलं, कुठे जायचं?
"शाळेत," मी म्हटलं. पार मागच्या सीटपर्यंत ऐकू गेलं.