लताचं मडकं, सुयांचं मडकं

१२ फेब्रुवारी १९८२, सांडोर

हरेश्वर मास्तर आज आमच्या महिला मंडळात परदेशातल्या कुठल्या संस्थेचा कागद घेऊन आले. वीस हजार देणार म्हणे! पण कुठल्या दुःखावर खर्चले तर किती जीव वाचतील, ते आधी लिहून द्यायचं. असे कागद जगभर धाडलेत. मी म्हटलं, "मास्तर, सगळ्या जगाची दुःखं आणि रकाने सहाच?" बाया हसल्या. मास्तर नाही हसले.

सहाचे शेवटी दोन उरले. एक — शेजारच्या यशोदेच्या लताचं काळजाचं ऑपरेशन. मुंबईला, पुरे वीस हजार. दुसरं — गरोदर बायांना धनुर्वाताच्या सुया. तेवढ्याच पैशात अकरा गावं, पाच वर्षं.

१३ फेब्रुवारी

लता ओट्यावर येऊन बसली. यशोदेची एकुलती. नऊ वर्षांची, ओठ जांभळे. नेहमीसारखं चिडवलं — "चोरून जांभळं खाल्लीस ना गं?"

"आजी, जांभळांना अजून किती वेळ आहे!" हसता हसता धाप लागली तिला. मग मीच पाठ चोळली.

१७ फेब्रुवारी

सभा. जी ती चटईच्या काड्या उपटत बसलेली. यशोदा समोरच, पाचवा महिना, पदर पोटावर ओढलेला. शेवटी मी उठले. म्हटलं, माझा पहिला मुलगा आठव्या दिवशी आखडून गेला. नाळ विळ्याने कापलेली. एक सुई असती तर! आमचे हे वारल्यापासून कुणापाशी बोलले नव्हते ते.

तिथे थांबायचं होतं. पण माझी जीभ! म्हटलं, "केळीच्या बुडाला पाच पिलं येतात. एक राखतो, बाकीची कोयत्याने उडवतो. तेव्हा रडतो का आपण?"

मंडळातली ग्रेसी खाली बघायला लागली. यशोदा माझ्याकडेच बघत होती.

१८ फेब्रुवारी

अध्यक्ष निवडतो तसंच केलं — पडद्यामागे दोन मडकी, प्रत्येकीला वालाचा एक दाणा. माझा कुठे पडणार हे सगळ्यांना ठाऊक! आणि मी गेले नि लताच्या मडक्यात सोडून आले. कालचं भाषण कुणी केलं मग?

मास्तरांनी मोजले. सुया चौदा. लता तेरा.

१९ फेब्रुवारी

चूल पेटवली नाही.

२ मार्च

हिशेब बरोबरच आहे. दहादा करून बघितला. अकरा गावांतली ती पोरं वाचतील, पण त्यांची तोंडं काही मला दिसायची नाहीत. लताचं रोज दिसतं. ग्रेसी म्हणते, "तू बोललीस म्हणून झालं." शाबासकी देते की टोमणा मारते, कळलं नाही.

२१ एप्रिल

सुया आल्या. पहिली यशोदेला. दंड चोळत माझ्या ओट्यावर आली. "मावशी, तुझ्यावर राग नाही गं. माझा दाणा पण सुयांतच होता. तूच म्हणालीस ना — एक राखायचं."

माझा कुठे होता ते सांगवलं नाही.

लता पायरीवर केळं सोलत होती.