अर्ध्या खिडकीचं वादळ

वन्सं,

आधी भांडण, मग नमस्कार. ते पार्टिशन तुम्ही उभं केलंत तेव्हा सुताराच्या देखत म्हणाला होतात, "हत्ती धडकला तरी हलायचं नाही." हत्ती काही आला नाही, वारा आला, आणि तुमचं प्लायवूड माझ्या पलंगावर असं आडवं झालं की जणू त्याचंच अंथरूण. मी पलंगावर नव्हते म्हणून हे पत्र मी लिहितेय, नाहीतर हे लिहीत असते, आणि ह्यांचं अक्षर तुम्हाला माहीतच आहे. आणि मला सांगा, खिडकीच्या बरोबर मधोमध पार्टिशन घालायची अक्कल कोणाची? एक झडप आम्हाला, एक झडप धाकटीला. कडी तिच्या झडपेला, कोयंडा माझ्या. न्याय म्हणे! तसंच मोठं पातेलं आम्हाला आणि त्याचं झाकण तिला. अकरा वर्षं मी पातेल्यावर ताट ठेवतेय, आणि ती त्या झाकणाचं काय करते ते देवाला ठाऊक.

हां, आता नमस्कार घ्या. गुडघे कसे आहेत? कानाचं यंत्र घालता का अजून उशाखालीच असतं? (उत्तर नको, उशाखालीच असणार.) इथे सगळे जिवंत आहेत. हे खरं पहिल्या ओळीत लिहायचं, पण राग पुढे धावला. फोन बंद पडलेत, आणि चालू असते तरी तुम्हाला कुठे ऐकू येतं! माझी चौथीपर्यंतची शाळा, पण पत्रांची सवय तुम्हीच लावलीत. वकिलाचा कोट इस्त्रीने कोणी जाळला ह्यावरून आमचं वाजलं, तेव्हापासून मी धाकटीशी शब्द बोलले नाही, जे बोलले ते तुमच्यामार्फत. मी तुम्हाला लिहायचं, "तिला सांगा, सकाळी सहाला शिलाई मशीन सुरू करू नकोस म्हणावं." तुम्ही तिला लिहायचं. मग ती तुम्हाला लिहिणार, "जाऊबाईंना सांगा, इस्त्रीची वाफ माझ्या बाजूला सोडू नका." हातभर अंतरावरचं बोलणं आठ दिवसांनी पोचायचं. गेल्या वर्षी तिच्या गॅसचा वास आला तेव्हासुद्धा मी आधी कागद-पेन शोधलं. (मग ह्यांनी पार्टिशनवर धपाधप बुक्के मारले. बुक्के म्हणजे बोलणं नव्हे, असं नंतर आमचं ठरलं.)

गिऱ्हाइकांचे हाल तर विचारू नका. ती शिवते, मी इस्त्री करते, गिऱ्हाईक दोघींचं एकच. तिच्या दारातून शिवलेला शर्ट घ्यायचा, अख्ख्या घराला वळसा घालायचा आणि माझ्या दारात यायचं. बँकेतला तो लठ्ठ कॅशियर म्हणतो, डॉक्टरने चालायला सांगितलं होतं, ते तुमच्याकडेच होतं.

तर वादळ. रेडिओवाला आदल्या दिवसापासून कोकलत होता, खिडक्या-दारं घट्ट लावा, पाणी भरून ठेवा. भाऊजी विम्याच्या कचेरीत, म्हणजे त्यांना वादळातलं वादळापेक्षा जास्त कळतं. म्हणाले, "ही वादळं समुद्रातच विरतात, आकडे आहेत माझ्याकडे." आणि स्कूटर झाडाखाली लावून आले, का, तर ऊन लागू नये. ह्यांनी दोन तास खपून काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या, त्यातल्या एका फुलीत स्वतःच्या सदऱ्याची बाहीही चिकटवली. पण ती मधली खिडकी लागणार कशी? कडी पलीकडे, कोयंडा अलीकडे, मध्ये तुमचा न्याय. मी माझी झडप सुतळीने बांधली. तिनेही तिची बांधली असणार, कारण पलीकडून सुतळी दातांनी तोडल्याचा आवाज आला. तिला एका हाकेत सांगता आलं असतं की पार्टिशनची कडेची फळी काढ, आपण कडी लावून घेऊ. पण हाक म्हणजे बोलणं. आणि पत्र पोचायला आठ दिवस लागतात, वादळ तेवढं थांबेना.

दुपारी तीनला वाऱ्याने दोन्ही सुतळ्या तोडल्या आणि आत शिरून पार्टिशन खालपासून वरपर्यंत उचकटलं. धूळ बसल्यावर पाहते तर समोर धाकटी, हातात शिवणाची मोठी कात्री. तुमचे दोन्ही भाऊ माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली. भाऊजी तिकडून इकडे कधी आले ते प्लायवुडालाही कळलं नसेल. टेबल दोघांपुरतंच. मग आम्ही दोघी धावलो खिडकीकडे. ती ओरडली, "ढकला!" मी ओरडले, "ढकलतेच आहे, तू ढकल!" अकरा वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं हे. कडी कोयंड्यात गेली, पण सोडली की निसटायची, म्हणून खांद्याला खांदा लावून पाठीने खिडकी दाबून बसलो. ती केवढी वाळलीय हो, वन्सं. खांद्याचं हाड मला टोचत होतं. आवाजावरून मला वाटायचं चांगली जाडजूड झाली असेल.

मग एकदम सगळं शांत झालं. हे टेबलाखालून म्हणाले, "गेलं." धाकटी म्हणाली, "जात नाही, कूस बदलतंय. आता उलट्या बाजूने येईल." तेवढ्या वेळात मी पातेल्यात पाणी भरून घेतलं आणि ताट शोधू लागले. ती उठली, तिच्या बाजूला गेली आणि झाकण घेऊन आली. फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं मेलीने, नव्यासारखं. घातलं तर टक्कन बसलं. मग खरंच उलटा वारा आला आणि पुन्हा खांद्याला खांदा लागला. त्या घोंघावण्यात ती म्हणाली, "जाऊबाई, त्या कोटाचं राहू द्या. माझ्याकडूनच जळला असेल, माझीही छोटी इस्त्री होतीच की तेव्हा." मी ऐकू न आल्यासारखं केलं. वारा मोठा होता म्हणून खपलं.

आता पुढचं. चार दिवस वीज नाही, छपराचे दोन पत्रे शेजारच्या अंगणात. झाड बरोबर स्कूटरवर पडलंय, आणि भाऊजींची स्वतःची कचेरी त्यांना विचारतेय, वादळ आल्याचा पुरावा काय. मी कोळशाची जुनी इस्त्री काढली, धाकटी हाताने चाक फिरवून शिवतेय. ती शिवलं की बसल्या जागेवरून माझ्याकडे फेकते, मी घडी घालते. लठ्ठ कॅशियर एका जागी उभा राहून कंटाळला, म्हणाला, "फेऱ्या बंद का?" धाकटी म्हणाली, "घरी जाऊन घाला." मला हसू आलं, ते मी कोळशाच्या धुरावर ढकललं.

पण तुमचे भाऊ! घाबरून दोघांनी सुताराला सांगून टाकलंय, पुढच्या आठवड्यात गुरुवारी नवं पार्टिशन. म्हणे ताईने घातलेलं, ताईला न विचारता पाडलं असं व्हायला नको. (आम्ही पाडलं?) धाकटी खाली बघून म्हणाली, "घालायचं तर घालू देत." मग मी कशी मागे राहणार? मीही म्हटलं, "घालू देत." तर ह्या वेळी चांगलं लाकूड लावायला सांगा, एवढंच लिहायचं होतं.

तुमची थोरली भावजय

ता. क. सुतार विचारतो, मध्ये दार ठेवू का, आणि ठेवलं तर किती रुंद. मी म्हटलं, भिंतीएवढं ठेव. तो म्हणतो, मग भिंत कुठे? आता त्याला मी काय सांगू, तुम्हीच सांगा. तुमच्या शब्दाबाहेर तुमचे भाऊ नाहीत.

आणखी एक ता. क. कोट मीच जाळला होता. पाठीवर इस्त्री ठेवून दारात दूधवाल्याशी भांडायला गेले होते. तुम्ही तेव्हा समोर बसवून विचारलंत आणि मी तुमच्या तोंडावर नाही म्हटलं. तिच्या तोंडावर मला हे सांगता येत नाही, खांदा लावून बसले तरी आलं नाही. म्हणून नेहमीसारखं तुम्हीच तिला लिहा. पत्र तिच्या नावाने टाका, माझ्या नाही, आणि मंगळवारपर्यंत पोचलंच पाहिजे, कारण बुधवारी सुतार लाकूड आणून टाकणार. ती वाचेल तेव्हा मी इस्त्री करत समोरच असेन, कुठे पळणार नाही. तिचं जे काय उत्तर असेल ते मात्र तिला तुमच्याकडे लिहू नको म्हणावं. इथेच दे म्हणावं.