भूतबंगल्यातले हे

४ जानेवारी, रविवार

गेले! शेवटी गेलेच. सूनबाई महिनाभर मागे लागली होती – "आई, घरात बसून गंज चढेल तुम्हाला. चला माझ्याबरोबर मातीकामाच्या वर्गाला." वर्ग कुठे, तर जुन्या अम्यूझमेंट पार्कमध्ये. पाळणे कधीच भंगारात गेले, आता तिथे कलाकेंद्र आहे. तिकीटखिडकीत चहा मिळतो. टकरा मारायच्या गाड्यांच्या हॉलमध्ये मुली नाच बसवतात. आणि मातीकाम – भूतबंगल्यात!

दारातच पाय अडखळले. सूनबाई हसली, "आता भुतं नाहीत हो आत!"

तिला काय सांगू? एक होतं. एकोणीस वर्षं होतं. रोज माझ्या हातचा डबा घेऊन जायचं.

५ जानेवारी

इथे तरी नीट लिहावं. हे पार्कच्या भूतबंगल्यात भूत व्हायचे. काळा झगा, रबरी मुखवटा. अंधारात गाडी आली की माणसांच्या अंगावर धावून जायचं. मुलाला सांगितलेलं – बाबा पार्कच्या लाइटचं काम बघतात. कारण? "वर्गातली पोरं त्याला भुताचा पोरगा म्हणतील. जन्मभर चिकटेल." माझ्याकडून वचन घेतलं. शेवटी दवाखान्यातसुद्धा तेच – "त्याला बोलली नाहीस ना?"

नाही बोलले.

११ जानेवारी, रविवार

माझी वाटी झाली! वाटी कसली, एका अंगाला कललेलं काहीतरी. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "हिला स्वभाव आहे." सासूबाई माझ्याबद्दल हेच म्हणायच्या – पण एवढ्या गोड आवाजात नाही.

मग बाईंनी सगळ्यांना विचारलं, पार्कमधल्या कामगारांचे फोटो आहेत का कुणाकडे? त्यांची एक भिंत करायची आहे. पाळणेवाले मिळाले, तिकीटवाली मिळाली. "भूत कोण व्हायचं, कुणालाच ठाऊक नाही."

हात मातीत होते म्हणून बरं. नाहीतर एक वर गेला असता.

१४ जानेवारी

कपाटातल्या साड्यांच्या घड्यांखालून यांचा फोटो काढला. अंगात झगा, मुखवटा काखेत, हातात डबा. हसताहेत. इतकं देखणं भूत!

परत ठेवला.

१५ जानेवारी

परत काढला.

१८ जानेवारी, रविवार

दिला. बाईंच्या हातात दिला आणि रडलेच. सूनबाईला सगळं सांगितलं. तिने मातीच्या हातांनीच जवळ घेतलं, माझ्या पाठीवर दोन पंजे उमटले. "त्याला एवढ्यात सांगू नकोस गं," म्हटलं. "नाही सांगणार आई. पण भिंत सांगेलच की."

वचन मोडलं. पण एकोणीस वर्षं अंधारात उभा राहिलेला माणूस – एकदा तरी उजेडात दिसू दे की!

३१ जानेवारी

उद्या भिंत खुली होणार. मुलगा येतोय.

१ फेब्रुवारी, रविवार

तो त्या फोटोसमोरच उभा राहिला. बाकीची भिंत पाहिलीच नाही. मी म्हटलं, "बाबांवर रागावू नकोस रे. तुला कुणी चिडवू नये म्हणून–" त्याने नुसता माझा हात दाबला. घरी जेवणात लक्ष नाही.

चुकलंच माझं.

२ फेब्रुवारी

सकाळी चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसला.

"आई, मला तिसरीपासून माहीत होतं. मित्रांबरोबर आत गेलो होतो. भूत अंगावर आलं, सगळे किंचाळले. आणि ते माझ्या कानाशी वाकून, भुताच्याच आवाजात म्हणालं – स्वेटर कुठाय तुझा?"

"मग बोलला का नाहीस कधी?"

"त्यांना वाटत होतं मला कळलं नाही. म्हटलं, वाटू दे. पण नंतर जेव्हा जेव्हा गेलो ना, सगळ्यात मोठ्याने मीच किंचाळायचो. त्यांना बरं वाटावं म्हणून."